लाल दोऱ्याच्या बरण्या

कुणाच्याही घरी गेले की माझा अंगठा आधी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांकडं धावतो. जॅम, सॉस, मुरंबा, काही का असेना, झाकणाच्या मधोमध दाबून बघायचं. झाकण हललं नाही तर बरणी शहाणी. टक्‌ करून खाली गेलं आणि परत वर आलं तर आत हवा शिरली म्हणून समजा, आणि हवेच्या मागोमाग आणखी कोण कोण शिरलं असेल ते देव जाणे. मुलाच्या सोयरिकीसाठी मुलीच्या घरी गेलो होतो तेव्हाही मी हे केलं. होणाऱ्या विहीणबाई चहा गाळत होत्या आणि मी त्यांच्या फडताळातली झाकणं दाबत होते. परतताना आमच्या ह्यांनी गाडीतच मला झाडलं. "सोयरीक जुळवाय गेलतो, का धाड घालाय?"

सोयरीक जुळली. सून आली. तिच्या बरण्या मी आता दाबत नाही, म्हणजे ती घरात असताना दाबत नाही.

फळं टिकवून देणं हा माझा धंदा. कोल्हापुरात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं केंद्र होतं. उन्हाळ्यात गगनबावड्याचा घाट चढून आंबा आला की आमच्या दारात रांग लागायची. लोक आपापले आंबे आणि साखर घेऊन यायचे. आम्ही आंबे धुऊन, सोलून यंत्रातून रस काढायचो, तो वाफेवर गरम करायचो, साखर आणि लिंबूसत्व मिसळून पत्र्याच्या डब्यांत भरायचो आणि झाकण यंत्रानं दाबून बसवायचो. मग डबे उकळत्या पाण्यात, तिथून गार पाण्यात, तिथून गिऱ्हाइकाच्या पिशवीत. दिवाळीत पाहुणे आले की डबा फोडायचा आणि पुरीबरोबर आमरस वाढून त्यांना चकित करायचं, ही आपल्याकडची जुनी हौस. त्या हौसेवर माझं घर चाललं.

गिऱ्हाइकांचा विश्वास मात्र फार बेताचा. आपल्याच आंब्याचा रस आपल्याच डब्यात जातो की शेजारच्याच्या, ही काळजी प्रत्येकाला. चहा प्यायलासुद्धा कुणी जागचं हलायचं नाही. एक आजी तर प्रत्येक आंब्यावर खडूनं फुली मारून आणायच्या. साल काढल्यावर फुली कुठं राहणार, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

एक गृहस्थ एकदा भली मोठी किटली घेऊन आले. झाकण काढलं तर पांढरा रस्सा. मुलगा सैन्यात, नेमणूक उत्तरेला कुठंतरी डोंगरात. त्याला घरचा रस्सा पाठवायचा होता.

"पावणं, हे डब्यात भरता येणार नाही," मी म्हणाले.

"का? आंब्याचा भरतासा की."

"आंबा आंबट असतो. मटण आणि नारळाचं दूध आंबट नसतं. ते नुसत्या उकळत्या पाण्यात टिकत नाही. त्याला दाबाची मोठी यंत्रं लागतात, ती आमच्याकडं नाहीत."

"मग घाला की जरा लिंबू."

"पांढऱ्या रश्श्यात लिंबू घालू?"

ह्यावर मात्र त्यांनी किटलीवर झाकण ठेवलं. पोराचा जीव एकीकडं आणि रश्श्याची अब्रू दुसरीकडं, असा पेच त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. शेवटी मी त्यांना कोरडा कांदा-लसूण मसाला आणि सुकं खोबरं पाठवा म्हटलं, रस्सा तिकडं करून खाईल म्हटलं. ते पटलं. किटली परत न्यायला मात्र ते तयार होईनात. "आता उचलून आणलीया तर खावा तुमीच." त्या दिवशी केंद्रातली सगळी माणसं पोटभर जेवली.

इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले होते. त्यांच्या मेहुण्याच्या रानात टोमॅटो उदंड पिकला, दर पडला, म्हणून केंद्रात मी फळं टिकवायचा वर्ग घ्यायचे त्यात त्यांनी नाव घातलं आणि घरी सॉस केला. व्हिनेगरचा वास येतो म्हणून ते नावापुरतं घातलं. जुन्या बाटल्या जमवल्या, बुचं मारली आणि खोकी नेऊन ठेवली कुठं, तर मागाच्या शेडमध्ये, भिंतीकडेला. तिथल्या गरमीत सॉस आंबला आणि एक दिवस बुचं उडाली. मागांच्या खडखडाटात आवाज कुणाला येणार! एका कामगाराला नव्या पांढऱ्या कापडावर लाल डाग दिसले आणि तो बोंबलत सुटला. सगळे माग बंद झाले. जो तो आपली बोटं चाचपून बघू लागला. सगळ्यांची बोटं जागेवर आहेत म्हटल्यावर मालकांना खोक्यांची आठवण झाली.

"बाई, तुमी वर्गात ह्ये सांगितलंच न्हाईसा," ते माझ्याकडं येऊन म्हणाले.

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा बाहेर फोनवर बोलत होता."

तरी मी म्हणेन, फुटणारी बाटली बरी. ती निदान बोंब मारते. मला धडकी भरते ती काहीच न करणाऱ्या बरणीची, आणि ते जरा समजावून सांगायला हवं. बुरशीला, यीस्टला आपण उकळत्या पाण्यानं मारतो. पण मातीत एक जंतू असतो, त्याचं बी उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. त्याला हवा नको असते. म्हणजे आपण झाकण घट्ट लावून हवा काढून टाकली की त्याला आयतं घर बांधून दिलं म्हणायचं. तो आत वाढला तर विष तयार करतो. कधी झाकण फुगतं, कधी फुगत नाही. रंग तोच, वास तोच, चवही तीच. खाणारा मात्र जिवानिशी जाऊ शकतो. ह्या जंतूची एकच खोड आहे, त्याला आंबट चालत नाही. पुरेसं आंबट असेल तिथं तो उगवत नाही. म्हणून आमरसात लिंबूसत्व. चवीसाठी नाही, जिवासाठी.

आणि नेमकं त्यावरच लोक माझ्याशी भांडायचे. "ते केमिकल घालू नका बाई." अहो, लिंबातलं आंबट ते! "आंबा गोड हाय, कशाला नासवताय?" गोड आहे म्हणूनच घालतोय! पिकून मऊ झालेल्या आंब्यात आंबटपणा किती उरलाय ते जिभेला कळत नाही. त्याला कागदाची पट्टी लागते. रसात बुडवली की रंग बदलते आणि काय ते सांगते.

वर्गात तर हा प्रश्न ठरलेला. लिंबूसत्व न घालता काही होत नाही का? माझं उत्तरही ठरलेलं. होतं. पण मग ती बरणी फडताळात ठेवायची नाही, बर्फात ठेवायची. डीप फ्रीजरमध्ये. खांद्याची, म्हणजे गळ्याशी आत वळणारी, बरणी घ्यायची नाही, थंडीत खांद्याशी तडकते, सरळ अंगाची घ्यायची. फडताळातल्या बरणीत वर बोटभरच जागा ठेवतो, तिथं बर्फातल्या बरणीत चार बोटं जागा सोडायची, कारण रस गोठला की वर चढतो. आणि एकदा बर्फाबाहेर काढली की लगेच संपवायची. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. बायका माना डोलवायच्या आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करायच्या.

शालन माझ्या वर्गात आली ती गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका गावातून. शेती, म्हशी आणि गावातच दूध-दह्याचं दुकान. अंगानं थोराड, आवाज चढा, आणि प्रश्न विचारायला अजिबात न लाजणारी. बाकीच्या बायका लिहून घ्यायच्या, ही नुसती बघत बसायची. मला वाटलं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं आपल्या हातानं एक बरणी भरायची होती. मी हिची बरणी दाबली, उलटी केली, उजेडात धरली. नाव ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "बरी झालीय." वर्गात कुणाला शाबास म्हणायची माझी पद्धत नव्हती.

"बरी न्हवं, झ्याक झालीया की!" ती म्हणाली आणि बरणी पदराखाली घेऊन गेली. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती माझ्याकडून लिंबूसत्व आणि नवी झाकणं न्यायची आणि जाताना एखादी बरणी ठेवून जायची.

गुडघ्यांनी दगा दिला तसं मी केंद्रावर जायचं सोडलं. हल्ली तिथं रांगही लागत नाही, पाकिटातला रस बारा महिने मिळतो. एक दिवस गावाकडचं कुणीतरी सांगून गेलं की शालन गेली. श्रावणात, चार दिवसांच्या तापानं. वाईट वाटलं. माणूस मोठ्यानं बोलणारं असलं की त्याच्या जाण्यानं जास्तच सामसूम होते.

वर्ष होत आलं असेल. आषाढातली सकाळ, पाऊस धरलेला. दारात रिक्षा थांबली आणि एक उंच म्हातारे गृहस्थ उतरले. काखेत वेताची मोठी बुट्टी, वर प्लॅस्टिकचा कागद. मागून तरणी बाई छत्री धरून.

"मी शालनचा मालक. सर्जेराव," ते म्हणाले. "ही थोरली सून, रूपाली."

बुट्टीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या बरण्या होत्या. शालनच्या हातच्या. बसल्या बसल्या रूपालीनंच सगळं सांगितलं. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की जवळचं कुणीतरी त्याच्या आवडीचा एक पदार्थ वर्षभर सोडतं आणि वर्षश्राद्धाला तो पानात वाढून सोडणं सुटतं. सर्जेरावांनी आंबा सोडला होता. सबंध उन्हाळा घरात आंबे आले, त्यांनी वास घेतला नाही. आता श्रावणात वर्षश्राद्ध, आणि त्या दिवशी सगळ्या पंगतीला शालनच्याच हातचा रस वाढायचा, पहिली वाटी आपण खायची, असं त्यांनी ठरवलं होतं. वर्षभर त्या बरण्या शालनच्या फोटोखाली काचेच्या कपाटात मांडून ठेवल्या होत्या. रोज पुसायचे म्हणे.

"पण बाई, एकीचं झाकान वर आलंय," रूपाली म्हणाली. "मामा म्हणत्यात काय हुत न्हाय. मी म्हटलं, आत्यांच्या बाईंस्नी आधी दाखवायचं." सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि सासूला आत्या.

"भाकरी बी फुगती की तव्यावर," सर्जेराव म्हणाले. "तवा कुणी रडतं का?"

फुगलेली बरणी मी बाजूला काढली, तशीच पारदर्शक पिशवीत घालून वर गाठ मारली. ही उघडायची नाही, हुंगायचीही नाही, म्हटलं. त्यांनी ते ऐकलं. "एक गेली तर गेली. बाकीच्या बघा."

बाकीच्या मी एक एक करून दाबल्या. सगळी झाकणं घट्ट. रस पिवळाधमक. काही बरण्यांच्या गळ्याला पांढरा दोरा बांधलेला, काहींना लाल. फुगलेलीलाही लालच होता. पिशवीतल्या त्या दोऱ्याकडं बघत मी सहज विचारलं, "हे दोरे कशाचे?"

सर्जेराव खुलले. "लाल म्हंजे माझ्या. मला आम्लपित्त हाय. जरा आंबट पोटात गेलं की छाती जळती. म्हणून माझ्या बरण्यांत ती तुमचं लिंबूसत्व घालायचीच न्हाय. पांढऱ्या दोऱ्याच्या घरादाराला, लाल दोऱ्याच्या फकस्त मला. दुसऱ्या कुणी हात लावला तर हात मोडीन म्हणायची."

"लिंबूसत्व अजिबात नाही?"

"एक कण न्हाय!" हे त्यांनी अशा काही अभिमानानं सांगितलं की पुढचं बोलणं मला जड गेलं. पण बोलले. लाल दोऱ्याच्या बरण्या कुणीच खायच्या नाहीत, सगळ्या टाकायच्या, असं सांगितलं. का, तेही सांगितलं.

"पण ह्या फुगल्याल्या न्हाईत की!"

"न फुगताही वाईट असू शकतात."

"वर्सानुवर्सं खात आलोय. मेलो का मी?"

मी पट्टी लावून दाखवते म्हटलं. हातमोजे घातले, नाकातोंडावर फडकं बांधलं, एक लाल दोऱ्याची बरणी अंगणात नळाजवळ नेली आणि झाकण उचकटलं. आणि काय सांगू, वास असा सुटला की आषाढात वैशाख आला. त्यात काही वाईट आहे असं म्हणणाऱ्याला कुणीही वेड्यात काढलं असतं. मी पट्टी घ्यायला वळले तेवढ्यात सर्जेरावांनी खाली वाकून बोट बरणीत घातलं आणि ते तोंडाकडं नेलं.

मी फाडकन त्यांच्या हातावर चापट मारली. माझ्याहून वयानं थोर माणूस, पहिल्यांदाच घरी आलेला, आणि मी त्याच्या हातावर मारलं. रूपालीच्या हातातली छत्री खाली पडली. मी त्यांचं मनगट धरून नळाखाली ओढलं आणि साबणानं बोट चोळून चोळून धुतलं.

मग पट्टी बुडवली. रंग नको त्या बाजूला गेला. म्हणजे त्या रसाला जंतूला अडवण्याइतका आंबटपणा नव्हताच. जंतू आत होता की नव्हता, हे काही पट्टी सांगत नाही. पण त्याला दार उघडं होतं एवढं नक्की.

सर्जेराव पायरीवर बसले. "म्हंजे माझी बायको मला ईख घालत हुती म्हणा की," ते म्हणाले. ईख म्हणजे विष. "मी वरीसभर तिच्या फोटोपुढं बसून ह्या बरण्या बघतोय, बाई. हिच्यागत माझी काळजी कुणी घेतली न्हाय म्हणून. आनि तुमी सांगताय, त्येच काळजीनं तिनं मला मारायचं केलतं."

रूपाली पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी आयुष्यभर लोकांचं अन्न फेकायला लावलं, खंडोगणती डबे खड्ड्यात पुरले, पण कधी कुणाचं माणूस फेकायला लावलं नव्हतं. त्यांच्या तोंडाकडं बघवेना म्हणून मी त्या उघड्या बरणीकडं बघत राहिले.

आणि मग मला ती नीट दिसली. बरणी सरळ अंगाची होती. गळ्यापासून बुडापर्यंत एकसारखी, खांदा नाही. रसाच्या वर मोकळी जागा चांगली चार बोटं. मी आत येऊन बाकीच्या पाहिल्या. लाल दोऱ्याच्या सगळ्या तशाच. पांढऱ्या दोऱ्याच्या मात्र खांद्याच्या बरण्या, वर बोटभर जागा. घरात बरणी मिळेल तशी भरणारी बाई असती तर ह्या सगळ्या मिसळलेल्या असत्या. शालन चार बोटं जागा विसरून सोडणारी नव्हती.

"रूपाली, घरात डीप फ्रीजर आहे?"

"हाय की. दुकानात. दह्याचा."

"ह्या लाल दोऱ्याच्या बरण्या आधी तिथं होत्या का?"

ती सासऱ्यांकडं बघू लागली. उत्तर सर्जेरावांनीच दिलं, हळू आवाजात. "हुत्या. मीच काढल्या. तिचं दिवस झाल्यावर दुकान उघडलं, तवा बघितल्या. पार तळाला, बर्फात. म्हटलं, तिच्या हातचं असं अंधारात थंडीत कशाला पडायचं? वर आणल्या, पुसल्या आनि फोटोखाली मांडल्या."

मी तिथंच उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "शाबास गं बाई!"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. आंबट घालायचं नाही तर बर्फात ठेवायचं, सरळ बरणी घ्यायची, चार बोटं जागा सोडायची, हे मी वर्गात सांगायचे आणि ऐकणारी एक शालनच निघाली. तिनं रस उकळला, झाकणं घट्ट लावली आणि वर बर्फातही ठेवल्या. बर्फात हा जंतू वाढत नाही. ती एक बरणी काढायची, तुम्हाला लगेच संपवायला लावायची. दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून लाल दोरा. इतकी वर्षं तुम्हाला काही झालं नाही ते नशिबानं नव्हे, तिनं होऊ दिलं नाही म्हणून. बरण्या बिघडल्या त्या बर्फाबाहेर काढल्यावर.

सर्जेरावांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे तिचं बरोबर हुतं?"

"पुरतं बरोबर होतं."

"आनि चुकलं ते माझं?"

खोटं बोलायचं कारण नव्हतं. "हो. तुमचं."

"तिचं काय बी न्हाय? नक्की?"

"नक्की. तुमचंच चुकलं."

"ऐकलंस का रूपे!" ते उठून उभे राहिले. "माझं चुकलं! मीच काढल्या न्हवं बर्फातनं! तिचं काय बी चुकलं न्हाय!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माणूस हसत होता. चूक आपली निघाली म्हणून इतका आनंद झालेला गृहस्थ मी दुसरा पाहिला नाही.

लाल दोऱ्याच्या बरण्या मी ठेवून घेतल्या. बंद होत्या त्या बंदच बांधून टाकल्या. उघडलेलीत आणि नळाजवळच्या फरशीवर ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं. "दोरं तेवढं द्या की," ते म्हणाले. बंद बरण्यांचे दोरे मी कात्रीनं कापून दिले, ते त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात घातले. पांढऱ्या दोऱ्यातली एक उघडून तिला पट्टी लावली. रंग हवा तिथं आला. बाकीच्यांची झाकणं पुन्हा एकदा दाबली आणि ह्या बिनघोर वाढा म्हणून सांगितलं.

"पण ह्या आंबट असत्यात," सर्जेराव म्हणाले.

"जरा असतात."

"मला चालत न्हाय आंबट."

"मग तुम्ही चमचाभर घ्या. सोडणं सुटायला तेवढं पुरे."

श्रावणात वर्षश्राद्धाला मला बोलावणं आलं. पावसात, दुखऱ्या गुडघ्यांनी गेले. फोटोला हार घातलेला, खालचं काचेचं कपाट रिकामं. पण त्याच्या दाराच्या कडीला लाल दोरे एकत्र करून बांधलेले दिसले. पहिली पंगत बसली. मला सर्जेरावांच्या समोरच पान मांडलं होतं. नैवेद्य दाखवून झाला आणि रूपालीनं त्यांच्या पानात वाटी ठेवली. पांढऱ्या दोऱ्याच्या बरणीतला रस. सगळी पंगत हात आखडून त्यांच्याकडं बघत होती.

त्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे बारीक केले. "आंबट हाय," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "शालन ह्योच खायची व्हय?"

"व्हय की मामा," रूपाली म्हणाली. "तुमच्या बरणीतलं त्यांनी कधी चाखलं बी न्हाय. तुम्हास्नी कमी पडंल म्हणायच्या."

मी चमचाभर सांगितलं होतं, सर्जेरावांनी अख्खी वाटी प्यायली. रूपाली पाण्याचा तांब्या आणि आम्लपित्ताची गोळी घेऊन शेजारी उभी होती, तिच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वाटी रिकामी झाली तेव्हा माझ्याकडं एकदा पाहिलं. आणि ज्या बोटापायी मी चापट मारली होती तेच बोट वाटीत फिरवून, कडेनं राहिलेला रस निपटून त्यांनी सावकाश चाटला.